न्हाऊ घालणाऱ्या मावशीचा हात

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी बियांची उगवण तपासते. कपाशीचं बी ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं, दिवस भरले की उलगडायचं, आणि जे उगवलं नाही ते चिमटीत दाबून बघायचं. मेलेलं बी बोटांना लगेच कळतं. नव्या पोरींना हे शिकवते तेव्हा त्या हसतात, पण महिन्याभरात त्यांनाही कळायला लागतं. हे आधीच सांगून टाकते, कारण एका बाईच्या हातांची मला जी भीती बसली ती अडाणीपणानं नव्हे. बोटांना काय काय कळतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एखादी बाई वारली की तिला शेवटची अंघोळ घालायचं काम या मावशीचं. तिला पाणी कोमटच लागायचं. "गार पाण्यानं दचकन ती," म्हणायची, आणि न्हाऊ घालताना मेलेल्या बाईशी बोलत राहायची. बोलणं साधंच, हात वर कर, जरा कुशीवर हो. दाराबाहेर बसलेल्या आम्हाला ते ऐकू यायचं. मध्येच ती गप्प व्हायची आणि कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी "बरं बाई" म्हणायची. उपासनेत तिच्या दोन्ही बाजूंची सतरंजी रिकामी असायची. शेजाऱ्यावर प्रीती करावी हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ, फक्त तिच्या शेजारी बसायला कोणी तयार नसायचं.

उपासना संपली की एकमेकींचा हात हातात घेऊन 'जय ख्रिस्त' म्हणायची आमची रीत. मावशी हात घ्यायची आणि लगेच सोडायची. एका रविवारी मात्र तिचा आणि माझ्या सासूबाईंचा हात सुटलाच नाही. लोक चपला घालून बाहेर पडले, पंखे बंद झाले, तरी दोघी तशाच उभ्या. शेवटी मी चिडून सासूबाईंना दंडाला धरून ओढून नेलं. गुरुवारी दुपारी सासूबाई खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या.

मी मागचं आठवून बघितलं. आदल्या वर्षी गेलेल्या दोघींचेही हात असेच मावशीच्या हातात बराच वेळ राहिले होते. हे मी एकीला सांगितलं. एकीला सांगितलं म्हणजे सगळ्यांनाच सांगितलं. पुढच्या रविवारी मावशी आली तर बायकांचे हात पदराखाली, ओढणीखाली. ती हात पुढं करून एकेकीसमोरून चालत गेली आणि कोणी तो घेतला नाही. असे दोन-तीन रविवार झाले, मग ती घनसावंगीकडच्या आपल्या गावी निघून गेली. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मे महिन्यातल्या प्रभुभोजनाला भाकरीचा तुकडा तळहातावर पडला आणि माझा हात मनगटापर्यंत गार झाला. बाहेर ऊन रणरणत होतं. कुणाशी वाकडं असेल तर आधी ते मिटवून यावं आणि मग भाकर घ्यावी, हे लहानपणापासून ऐकत आले होते. पाळकांच्या ताटात मी तो तुकडा परत ठेवला. सगळे बघत होते. त्याच दुपारी मी मावशीच्या गावाकडची जीप धरली.

गावाच्या टोकाला, उसाला लागून तिची एकच खोली. वारा पडलेला होता, तरी उसाची पानं सळसळत होती. दार उघडं होतं. मावशी खाटेवर बसलेली, दोन्ही हात मनगटापासून पांढऱ्या कापडात गुंडाळलेले. ते कफनाचं कापड होतं, मी लगेच ओळखलं.

"कुणाला चुकून हात लागू नये म्हणून बांधलेत," ती म्हणाली. "जवळ नको येऊ, पोरी."

"मावशी, कोण जाणार ते खरंच कळतं का तुम्हाला?"

"कळतं. हे काम कराया लागले तव्हापासून. मी काय मागाया गेल्ते का?"

"मग माझ्या सासूबाईंचा हात धरून का ठेवला?"

"मी कुठं धरला? मी तर सोडवून राह्यले होते. तुझ्या सासूनं माझा धरला. माझं तोंड बघून तिच्या ध्यानात आलं बराबर. म्हणली, घरात कोणी हात धरीत न्हाई बाई, जरा वेळ असू दे."

मी तिथंच जमिनीवर बसले. त्या रविवारपासून गुरुवारपर्यंत मी सासूबाईंना चहा दिला, रक्तदाबाची गोळी दिली, डोळ्यांत थेंब घातले. एकही वेळ चुकवली नाही. हात मात्र धरला नाही. त्यांना माहीत होतं, आणि त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला इतकी लाज वाटली की रडायलाही येईना.

"चुकलं माझं, मावशी. हात द्या."

"न्हाई. तुझं काही कळलं तर? मला न्हाई जाणून घ्यायचं."

मलाही जाणून घ्यायचं नव्हतं. तरी मी खाटेजवळ सरकले आणि तिच्या उजव्या हाताच्या कापडाची गाठ सोडली. आतला हात खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखा पांढुरका, सुरकुतलेला होता. मी तो माझ्या दोन्ही हातांत घेतला. तिनं डोळे गच्च मिटले, मग हळूच उघडले.

"तुझं काही न्हाई," ती म्हणाली आणि तिचा श्वास मोकळा झाला. "बिलकुल ठीक हायेस तू. जा आता जल्दी, जीप निघून जाईल."

पण मला तिचं कळलं होतं. तिच्या बोटांतून ते सरळ माझ्या बोटांत आलं, शंकेला जागाच नव्हती. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिच्याही ध्यानात आलं.

"किती दिस?" तिनं विचारलं.

मी तिचा हात आणखी घट्ट धरला. रस्त्यावर जीपवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला आणि जीप निघून गेली. हळूहळू खोलीत अंधारून आलं. दिव्याचं बटण दारापाशी होतं, आणि तिथवर जायचं तर हात सोडावा लागला असता.