सतरा नंबरचा शिक्का

आमच्या जिन्यावरच्या घरांत पक्की खबर होती, की दुसऱ्या मजल्यावरचा वेनियामिन प्लातोनोविच चहाचं पाणी उकळायच्या जुन्या विजेच्या समोवारांतून लाल पारा नावाचं काहीतरी सोन्याहून महाग काढतो आणि परदेशात विकतो. तळमजल्यावरून खबर निघाली तेव्हा त्यात नुसती चांदी होती. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिचा पारा झाला. तीत तथ्य शून्य. पारा विकणारा माणूस कोपरावर फाटलेला स्वेटर घालून दर शनिवारी जुन्या बाजाराच्या चिखलात गुडघे टेकत नाही.

गुडघे टेकायचा तो समोवाराचा तळ बघायला. इतर शौकीन ज्या चकाकीवर, नक्षीवर जीव टाकतात, तिच्याकडे हा ढुंकून बघत नसे. तळावर सतरा नंबरचा शिक्का आणि अठ्ठ्याहत्तर सालचा डिसेंबर दिसला, की घासाघीस न करता घ्यायचा. वर विकणाऱ्याला विचारायचा, ‘‘हा कुणाकडे होता? त्या घरात कुणाला काही झालं नाही ना?’’ विकणारा बिचारा छातीवर क्रूसाची खूण करून मोकळा व्हायचा. असे सव्वीस जमले. त्यातले नऊ आंघोळीच्या टबात. बायको रिम्मा वसंतात बहिणीकडे गेली ती परत आलीच नाही. जाताना साधी किटली तेवढी घेऊन गेली.

सतरा नंबर त्याचा स्वतःचाच. समोवारांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. पितळेत वीज उतरते का, हे प्रत्येक नगाला तार लावून बघायचं आणि मग शिक्का मारायचा, एवढंच त्याचं काम. पण आपले कारखाने महिन्याचे वीस दिवस जांभया द्यायचे आणि शेवटचे तीन दिवस अंगात आल्यासारखे धावायचे. शहाणी माणसं महिनाअखेरीचा माल घरात आणत नसत. त्या तीस डिसेंबरला वर्षाच्या कोट्याला चाळीस नग कमी पडत होते. विभागप्रमुख म्हणाला, ‘‘वेन्या, तारा लावत बसलास तर सगळ्यांची बक्षिसी बुडेल.’’ वेन्याने तारा गुंडाळून ठेवल्या आणि चाळीस शिक्के धडाधड मारले.

निवृत्त झाल्यावर त्याने गंमत म्हणून बाजारातून एक समोवार आणला. चालू करून हात लावला, तर झटक्याने हात भिंतीवर आपटला. उलटा करून पाहतो तो सतरा नंबर. त्या दिवसापासून हा गडी स्वस्थ झोपला असेल तर शपथ.

गेल्या शरदात तिसऱ्या मजल्यावरच्या कापितोलिना सेम्योनोव्नाचा नामदिवस, म्हणजे तिच्या नावाच्या संताचा सण, होता. ऐंशी वर्षांची निवृत्त परिचारिका, जिभेला अजून धार. जिन्यातली सगळी मंडळी चहाला जमली होती. टेबलावर समोवार खळखळत होता आणि म्हातारी घरात रबरी बूट घालून कप भरत होती.

‘‘आजी, घरात पूर आलाय का?’’ समोरच्या घरातल्या झोयाने विचारलं.

‘‘याला चिमटे काढायची खोड आहे गं. माझा नवरा असाच होता. बूट घातले की दोघंही गप्प.’’

सगळे हसले. वेनियामिन उठला, त्याने प्लग ओढला आणि समोवाराखाली हात घातला.

‘‘अरे, पाहुणा आहेस की दरोडेखोर?’’ म्हातारी म्हणाली. ‘‘निवृत्त होताना मला वॉर्डाने दिलाय तो. मी मेल्यावर ने.’’

‘‘मेल्यावर नको म्हणूनच म्हणतोय, कापितोलिना सेम्योनोव्ना. हा मला द्या. मी दुसरा आणून देतो, नवा.’’

‘‘नवा तूच ठेव. पारा हवाय ना तुला?’’

त्याने उरलेलं गरम पाणी मोरीत ओतलं आणि समोवार सगळ्यांसमोर उलटा धरला. शिक्क्यावर बोट ठेवून तीस डिसेंबरची हकीकत सांगितली, त्या बक्षिसीतून स्वतःला बूट घेतले होते इथपर्यंत. सांगताना मान खाली होती. कापितोलिनाने आपल्या उजव्या हाताची बोटं दुसऱ्या हाताने जरा चोळली आणि समोवार त्याच्याकडे सरकवला.

झोया म्हणाली, ‘‘अहो, चाळीस वर्षं होत आली. आता कोण विचारतंय तुम्हाला? कुणी मेलं तर नाही ना?’’

वेनियामिन प्लातोनोविच म्हणाला, ‘‘सत्तावीस घरांचं मला माहीत आहे. उरलेल्या तेरा घरांचं तू कुणाला विचारून सांगतेस?’’