खिडकी डावी की उजवी

देवळीच्या बसस्टँडसमोर रेल्वेची तिकिटं काढून देणारा तो माणूस शेवटचं बटण दाबण्याआधी पायातल्या चपला काढतो. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, तिकीट मलाही काढता येतं. पण 'कन्फर्म' हा शब्द त्याच्या तोंडून आला तरच आईला खरा वाटतो. आम्ही दोघी स्वित्झर्लंडला निघालो होतो आणि तिथल्या गाडीत अनोळखी माणसाशेजारी बसायला ती तयार नव्हती. म्हणून दोन महिने आधीच त्याच्याकडे गेले.

त्यानं तत्काळसारखी तयारी केली. नावं लिहून ठेवली, बोटं मोडली, दुकानातल्यांना गप्प केलं. मी तिथल्या रेल्वेची साइट उघडून दिली. पाहतो तर अख्खा डबा रिकामा.

"वेटिंगच नाई?" तो खट्टू झाला. "मंग गाडी चालवून काऊन राह्यले हे लोक?"

मग त्याच्या लक्षात आलं की जोडीच्या जागाच काय, सगळ्या खिडक्यासुद्धा मोकळ्या आहेत. वर्षानुवर्षं लोकांना "नाई भेटली" सांगणाऱ्या त्या माणसानं मला आईला फोन लावायला लावला.

"मावशी, खिडकी डावी देऊ का उजवी?"

"डोंगर दिसते तिकडची दे, बापू."

त्यानं नकाशा उघडला. मागे रांग कुरकुरू लागली.

"थांबा जी," तो मान न वळवता म्हणाला, "मावशीचा डोंगर पाहून राह्यलो."