तांगडे सरांवर घेतलेल्या शंका

जनार्दन तांगडे सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी नववीत होते. फुलंब्रीहून बसने शहरात येऊन बास्केटबॉलच्या मैदानावर पोहोचले, तर प्रशिक्षक स्वतःच झाडू मारत होते. नव्या मुलींसमोर साधेपणा दाखवत असतील, असे मला वाटले. पुढे कितीतरी वर्षे त्यांना रोज झाडताना पाहिले, तेव्हा कुठे तो संशय फिटला. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथात असे लिहिणे कदाचित शोभणार नाही. पण माझ्यापाशी सांगण्यासारखे तेच आहे.

एकदा माझा घोटा मुरगळला. सर मला स्कूटरवरून डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि तीन तास बाहेर बसून राहिले. मी सराव टाळते आहे का, हे बघायलाच ते थांबलेत, अशी माझी खात्री होती. घरी सोडताना त्यांनी आईला एवढेच सांगितले, "महिनाभर हिला पाठवू नका. आली तर मी परत पाठवीन."

चार वर्षांपूर्वी आमच्या महिला संघातल्या तिघी जणी नोकरी-संसारामुळे एकदम खेळायच्या थांबल्या. मी कर्णधार होते. संघ नव्याने बांधायचा होता. सरांनी विचारले, "कोमलभोवती बांधायचा का?" कोमल वाघमोडे सतरा वर्षांची, पाचोडच्या मेंढपाळाची मुलगी. तिच्यासारखा नेम आमच्यात कुणाचाच नव्हता. पण सरही पाचोडचेच. मी तोंडावर विचारले, "सर, गावची आहे म्हणून का?"

सर रागावले नाहीत. "व्हय, तीच भीती मलाबी हाय. म्हणून तू ठरव. दीड महिना तिला शिकव. तू नाय म्हणलीस तर नाय."

यांचे आधीच ठरले आहे, फक्त माझा होकार हवा आहे, असे मी धरून चालले. कोमलला जराही सवलत दिली नाही. अखेरच्या दिवशी तिघींना तिच्या अंगावर सोडले. ती एकटीच घुसत राहिली, चेंडू गमावत राहिली. मोकळ्या मैत्रिणींकडे तिने एकदाही पाहिले नाही. मी जवळजवळ आनंदाने सरांकडे गेले. "तिला पास देता येत नाही."

"मग नाय म्हणू?"

मला 'हो' म्हणता येईना. खोट तिच्या खेळात होती, तशी माझ्या आनंदातही होती. म्हटले, "नको. शिकवते मी. पण पास दिला नाही तर ती बाकावर बसेल."

पहिल्या मोसमात आम्ही बहुतेक सामने हरलो. एकदा कोमलचे वडील मुद्दाम सामना बघायला आले आणि नेमके मी तिला बसवले होते. ते म्हणाले, "सर, पोरगी लई येळ बसूनच हाय." गावकऱ्यापुढे सर विरघळतील, या धास्तीने मी कान देऊन ऐकत होते.

"कॅप्टननं बसवलंय," सर म्हणाले. "तिनं उठवलं तरच उठंल."

पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला तिघींनी कोमलला घेरले. तिने चेंडू कोपऱ्यातल्या मोकळ्या मुलीकडे दिला, त्या मुलीने तो बास्केटमध्ये टाकला आणि आम्ही जिंकलो. त्या मुलीला सरांनी माझ्या जागेवर उतरवले होते. मी बाकावर होते. आनंद झाला आणि मनाला लागलेही. शेजारी बसलेले सर म्हणाले, "उद्यापासून धाकट्या पोरींना तू शिकवायचं."

"सर, कोमलला शिकवायला लावलंत तेव्हापासूनच हे ठरलेलं होतं ना?"

सर नुसते हसले. उत्तर अजून मिळालेले नाही आणि माझा संशयही गेलेला नाही.

सरांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, गुडघे त्यांना साथ देवोत. त्यांच्या निर्णयावर त्यांच्याच तोंडावर शंका घेण्याची मुभा मैदानावर येणाऱ्या प्रत्येक मुलीला पुढची अनेक वर्षे मिळत राहो.