चादरीच्या आडून

आमच्या लॉन्ड्रीवाल्या मावशी जिभेच्या तिखट. अंगाची लाही झाली, कपाळावर घाम फुटला की इस्त्रीच्या नावाने खडे फोडायच्या. दुकान बंद असतानाही घाम फुटला, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. पाळी जायच्या वयात असं होतं, एवढं ऐकून त्या उठल्याच होत्या, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नवऱ्याजवळ जाताना दुखतं का?"

मावशी परत खुर्चीत बसल्या. दुखत होतं म्हणून तर वर्षभर त्या भिंतीकडे तोंड करून झोपत होत्या. हा याच वयातला कोरडेपणा, त्यावर मलम मिळतं, हे कळल्यावर त्या डाफरल्याच, "मग आधी सांगायला कुणाचं तोंड दुखत होतं?"

आता नवऱ्याला कसं सांगायचं? दुकानात मोठ्या चादरींची घडी दोघं मिळून घालतात. आपापली टोकं धरायची, झटकायची आणि चालत जवळ यायचं. मावशींनी चादर तोंडासमोर उंच धरली आणि तिच्याआडून एका दमात सगळं सांगून टाकलं.

पलीकडून काका म्हणाले, "म्हणजे तू माझ्यावर रागावली नव्हतीस?"

"रागावले असते तर तुम्हाला कळलं नसतं होय?"

"मग वर्षभर रोज सकाळी उठून तुझा चहा मी कशासाठी करत होतो?"

चादर खाली आली. मावशी चालत जवळ आल्या, आपली टोकं काकांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चहा मात्र बंद करायचा नाही."