शाल भाड्यानं मिळेल

मेस चालवणाऱ्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. पोरं जेवायला बसली की भातासारखे तेही सांडून जातात, आणि कितीही झाडलं तरी कोपऱ्यात थोडे उरतातच. अंबाजोगाईत माझी मेस आहे. शिकायला आलेली पोरं इथं जेवतात, मला मावशी म्हणतात आणि माझ्या शिव्या खातात. यंदा कॉलेजात तरुण उद्योजकांची स्पर्धा निघाली. स्टेजवर उभं राहायचं आणि आपला धंदा पाच मिनिटांत पटवून द्यायचा. माझ्याकडून तिघं उतरले. आष्टीचा गणेश, गेवराईचा इरफान आणि आमची मनीषा.

ती दोन पोरं हौसेनं उतरली. मनीषाचं तसं नव्हतं. आमच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी पडली होती. मनीषाला तिथं धंदा टाकायचा होता आणि एक मोबाईलवाला तीच खोली भाड्यानं मागत होता. आमचे मालक, म्हणजे मनीषाचे वडील, लई कमी बोलतात. एवढंच म्हणाले, "स्पर्धेत नंबर आला तर खोली पोरीची. न्हाई आला तर मोबाईलवाल्याची." मी भांडले. पण एकटीनं किती भांडावं? समोरचा माणूस जेवतच राहतो.

*

गणेश प्रॅक्टिस माझ्यावर करायचा. त्याच्या गावाला बस येत नाही. म्हणून फाट्यावरच्या माणसाला कुठल्या जीपमध्ये जागा आहे ते मोबाईलवर दाखवायचं, असा त्याचा धंदा. मी पोळ्या लाटत होते.

"मावशी, कल्पना करा, तुमी फाट्यावर उभ्या हायत."

"मी कावून उभी राहू? पोळ्या तुझा बाप लाटणार हाय का?"

"नुसती कल्पना करायची हो."

"बरं केली. ऊन हाय का?"

"लई."

"मग छत्र्या इक की. ॲप कशाला?"

पोरगं जेवण होईपर्यंत छत्रीचाच विचार करत बसलं.

*

इरफानचा धंदा ठेच्याच्या वड्यांचा. लाल मिरचीचा ठेचा वाळवायचा, दाबून चौकोनी वडी करायची. गरम पाण्यात टाकली की ठेचा तयार. वड्या त्यानं माझ्या ओट्यावर वाळत ठेवल्या होत्या. आमच्या मालकांना सकाळी गुळाचा चहा लागतो. त्यांनी गुळाचा खडा समजून एक वडी कपात टाकली, नीट ढवळली आणि मोठा घोट घेतला.

इरफान पळत आला. त्याला काकांची काळजी नव्हती, वडीची होती. "काका, कशी वाटली?"

मालकांचे डोळे वाहत होते, नाक वाहत होतं. थोडा दम घेतला आणि म्हणाले, "विरघळती चांगली."

इरफाननं हे वाक्य स्पर्धेच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं. वर हेडिंग दिलं, 'ग्राहकाचं मत'.

*

स्पर्धेला पाहुणे म्हणून आमच्या भागातले एक पुढारी आले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. आयोजकांना वाटलं होतं, भाऊ एकटे येतील. आमच्याकडं पुढारी एकटा कधी आलाय? मागं गाड्या भरून माणसं. एकाला शाल घातली की दुसरा रुसणार, म्हणून सरसकट सगळ्यांना शाल आणि नारळ. भाऊंचा ड्रायव्हर गाडीत झोपला होता. त्यालाही उठवून आणला. बिचाऱ्याला वाटलं काहीतरी चुकलं, शाल घालेपर्यंत तो "मी न्हाई केलं" म्हणत होता.

एवढ्या सत्कारांत वेळ गेला आणि पोरांच्या पाच मिनिटांची दोन झाली.

*

सरांनी पोरांना शिकवलं होतं, आधी अडचण सांगा, मग आपला उपाय सांगा. गणेश उभा राहिला. "आमच्या गावाला बस येत नाही. म्हाताऱ्या माणसांना फाट्यापर्यंत पायी यावं लागतं..."

भाऊंनी हात वर केला. "थांब." शेजारच्याला म्हणाले, "डेपोला फोन लाव रे." तिथंच, सगळ्यांसमोर बोलले आणि फोन ठेवला. "सोमवारपासून गाडी सुरू. आजून काही?"

हॉलमध्ये टाळ्याच टाळ्या. गणेश माईक धरून तसाच उभा.

"भाऊ, आता माझा धंदाच राह्यला न्हाई."

"आसू दे, गावाचं काम तर झालं," भाऊ म्हणाले. "पुढचा कोण हाय?"

*

पुढची मनीषा होती. तिचा धंदा सत्काराच्या सामानाचा. फेटा, ताट, शाल, सगळं भाड्यानं. शाल घालायची, फोटो काढायचा, शाल परत. "घरोघरी कपाटात सत्काराच्या शाली पडून हायत," ती म्हणाली. "कुणी पांघरत न्हाई. तीच शाल वर्षभर सत्कार करील."

भाऊ मान हलवत होते. पण परीक्षकांत टाय घातलेले एक सर होते, ते भडकले. "सत्काराची शाल परत मागायची? हा पाहुण्यांचा अपमान आहे. आपल्याकडे असलं चालणार नाही."

"सर, तुमच्या घरी किती हायत?" मनीषानं विचारलं.

सरांनी वेळ संपल्याची घंटी वाजवली. वेळ बाकी होता.

*

निकाल लागला. पहिला नंबर इरफानचा. मनीषाचा कुठलाच नाही. मी मालकांकडं पाहिलं. ते वरच्या पंख्याकडं बघत होते. मी मनातल्या मनात मोबाईलवाल्याच्या सात पिढ्या उद्धारल्या.

इरफान स्टेजवर गेला. भाऊ सत्काराला उठले, शालीसाठी हात मागं केला, पण हातात काही येईना. ताटात नुसता नारळ. ड्रायव्हरपर्यंत वाटता वाटता शाली संपल्या होत्या. आता ज्याला घातली त्याच्या अंगावरून कोण काढणार?

मनीषा पुढच्याच रांगेत सॅम्पलची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. टायवाले सर स्टेजवरून खाली वाकले. बोलले हळूच, पण शर्टाला लावलेला माईक चालू होता. सगळ्या हॉलनं ऐकलं.

"बेटा, तुझ्याकडची एक शाल देतेस का? फोटोपुरती. लगेच परत करतो."

मनीषानं पिशवीत हात घातला. तेवढ्यात मागं खुर्ची सरकली. आमचे मालक उभे राहिले होते. लग्नाच्या बैठकीतसुद्धा तोंड न उघडलेला माणूस.

"मनीषे, भाडं आधी घे," ते म्हणाले. "आन् सर, शाल परत आणून द्यायची. आमच्या रस्त्याकडच्या खोलीत."