आनंद झाला म्हणायची नोकरी

दीपमाला तायडे अमरावतीच्या एका खाजगी डायलिसिस सेंटरमध्ये रिसेप्शनवर लागली तेव्हा तिचं वय चौतीस होतं. त्याआधी आठ वर्षं तिनं झेरॉक्सच्या दुकानात काढली होती. तिथं येणाऱ्याला 'किती कॉपी?' यापलीकडे काही विचारावं लागत नसे. हे सेंटर मात्र पुण्याच्या एका कंपनीचं. कंपनीनं तिच्या हातात एक छापील कागद दिला. त्यावर अकरा इंग्रजी वाक्यं होती. पहिल्यांदा येणाऱ्याला 'प्लीज्ड टू मीट यू', निघणाऱ्याला 'इट वॉज अ प्लेझर' आणि नेहमीच्या पेशंटला 'नाइस टू सी यू अगेन'. वाक्य म्हणताना दात दिसले पाहिजेत, असं ट्रेनिंग देणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं होतं.

मोर्शीच्या मराठी शाळेत शिकलेल्या दीपमालाला इंग्रजीची धास्ती होती, पाठांतराची नव्हती. पोळ्या लाटता लाटता ती वाक्यं घोकायची.

सासू सुंदराबाईंनी एकदा विचारलं, "काय पुटपुटून राहिली वं?"

"आनंद झाला, असं म्हणून राहिली."

"कायचा आनंद?"

"कोणी आलं की त्याचा."

"मंग नुसतं 'या' म्हनावं ना," असं म्हणून सुंदराबाई भाजी निवडायला लागल्या.

पहिले तीन महिने सुरळीत गेले. तिचा उच्चार साफ झाला, दातही दिसायला लागले. मग एका मंगळवारी वामनराव थांबले.

वामनराव चांदूर बाजारचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या बसनं यायचे, चार तास मशीनला लागून पडायचे आणि दुपारच्या बसनं परत जायचे. तिनं रोजच्यासारखं 'नाइस टू सी यू अगेन' म्हटलं. ते पुढे न जाता टेबलापाशीच उभे राहिले.

"पोरी, हे तू दर खेपेले म्हनतं. याचा अर्थ काय होते?"

"तुमाले पुन्हा पाहून आनंद झाला."

वामनरावांनी डाव्या हाताची बाही वर केली. सुया टोचून टोचून दंडावरची शीर दोरखंडासारखी फुगली होती. "मले इथं पाहून कायचा आनंद? मी नाई आलो असतो, त आनंद झाला असता."

ते रागावले नव्हते. त्यांनी बाही खाली केली आणि वजन करायला आत गेले. दीपमाला दिवसभर बाकीच्यांना काय म्हणावं ते ठरवू शकली नाही. संध्याकाळपर्यंत तिनं सगळ्यांना 'गुड मॉर्निंग'च म्हटलं.

त्यानंतर तिनं आपल्यापुरतं ते एक वाक्य सोडून दिलं. वामनराव आले की ती विचारायची, "बसमंदी जागा भेटली काय?" ते म्हणायचे, "भेटली," किंवा "परतवाड्याचे लोक बसले होते सारे." तेवढं झालं की आत.

कंपनीचे मॅनेजर किशोर सर तपासणीला आले तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्यांनी ही बसची चौकशी ऐकली. त्यांच्याजवळच्या फॉर्ममध्ये 'स्वागत' नावाचा रकाना होता. तिथं त्यांनी शून्य लिहिलं आणि तिला बोलावून तसं सांगितलं. तिनं कारण सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"तुमचं चूक आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले, "पण वाक्य कंपनीचं आहे. मला ते बदलता येत नाही."

"मग शून्य राहू द्या, सर," ती म्हणाली. त्या वर्षीच्या चांगल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत तिचं नाव आलं नाही. तिला वाईट वाटलं, पण घरी ती कोणाजवळ बोलली नाही.

पावसाळ्याच्या शेवटी वामनराव एका मंगळवारी आले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. फोन लागेना. पुढचा मंगळवारही तसाच गेला. त्यानंतरच्या शुक्रवारी ते मुलीच्या, मोनालीच्या, खांद्याला धरून आत आले. अंगातला सदरा दुसऱ्याचा वाटावा इतके उतरले होते.

दीपमाला उभी राहिली आणि तिच्या तोंडून निघालं, "कुठी होते तुमी इतके दिवस? एक फोन नाई करता येत काय? इथं मानसानं काय समजावं?"

बाकावरचे लोक वळून पाहायला लागले. मोनाली गांगरली. "नागपूरले भरती होते ताई. इन्फेक्शन झालं होतं."

वामनराव हसत होते. "बोलू दे तिले," ते मुलीला म्हणाले.

मोर्शीत दीपमालाचे वडील पुंजाजी असंच करायचे. कोणी फार दिवसांनी आलं की आधी दारातच त्याला झापायचे आणि मग गुपचूप त्याच्या चहासाठी साखर आणायला जायचे. आपणही तेच केलं, हे तिला घरी जाताना कळलं.

वामनराव पुढं सव्वा वर्ष येत राहिले. ते वारल्यावर मोनाली त्यांच्या उपचारांचे कागद न्यायला आली. दीपमालानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कागद होईपर्यंत शेजारी बसून राहिली.

कंपनीनं अकोल्याला दुसरं सेंटर उघडलं, तेव्हा तिथल्या नव्या मुलींना शिकवायला किशोर सरांनी दीपमालालाच पाठवलं. जुन्या शून्याचा विषय त्यांनी काढला नाही, तिनंही नाही. मुलींनी वाक्यं उतरून घ्यायला वह्या उघडल्या. तिनं त्या मिटायला लावल्या आणि अर्धा दिवस सगळ्यांना दारासमोर नुसतं बसवलं. कोण आपल्या पायानं येतं, कोणाला धरून आणतात, कोणाबरोबर कोणीच नसतं, ते पाहायला. दुपारी डबे खाऊन झाल्यावर तिनं वाक्यं शिकवली, सगळी अकरा, उच्चारासकट.