आत्याने आवरलेली वायर

व्हिडिओ कॉलवर घर बरं दिसावं म्हणून मी ते आवरलं आणि त्यामुळेच व्हिडिओ कॉल लागेना.

कॉल साधासुधा नव्हता. माझा धाकटा भाऊ मंदार मेलबर्नला असतो. त्याला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली होती. बारशाला नाव कानात सांगायचं आत्याने, आणि आत्या एकच, ती पनवेलला, नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. म्हणून आपल्या सकाळी दहाला मंदार फोन बाळाच्या कानाशी धरणार आणि मी नाव सांगणार, असं ठरलं. या मंदारला मी कडेवर घेऊन वाढवलंय. मला रात्रभर झोप नव्हती.

नऊ वाजता राऊटरवर लाल दिवा दिसला.

"दिवा लागलाय म्हणजे चालू आहे," हे म्हणाले. (हे कारखान्यात फोरमन होते.) मग त्यांनी राऊटर चार वेळा बंद-चालू केला आणि वायरच्या टोकाला टेस्टर लावला. "यात करंटच नाही."

"अहो, ती फायबरची. तिच्यातून उजेड जातो."

"मग उजेड तरी कुठे दिसतोय?"

मी कस्टमर केअरला फोन लावला. आमच्याकडे मोबाईलची रेंज फक्त बाथरूममध्ये येते, त्यामुळे बादली पालथी घालून बसले.

"मॅडम, वायर कुठे दुमडली आहे का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"छे. आमच्याकडे सगळं नीट घडी घालून ठेवलेलं असतं," मी ठणकावून सांगितलं.

"माणूस उद्या येईल, मॅडम."

"बाथरूममधूनच सांग नाव," हे म्हणाले. पैठणी नेसून मी बादलीवर बसून भाचीचं नाव ठेवायचं! मला रडूच आलं.

तेवढ्यात दारात उरणच्या हौसामावशी आल्या, मासळीची पाटी घेऊन. मी रडत रडत सगळं सांगितलं. पाटी खाली ठेवून त्या राऊटरच्या वायरमागोमाग टीव्हीमागे डोकावल्या. तिथे मी जास्तीची वायर साडीसारखी घड्या घालून, वर दुधाच्या पिशवीची दोन रबरं करकचून लावून ठेवली होती.

"ही अशी कोनी बांधली?"

"मीच. छान दिसते ना?"

"ताई, जाल्याची दोरी मी अशी मोडून ठेवली ना, तर आमचा म्हातारा मना होडीला हात नाय लावू देनार. दोरी गोल ठेवायची, घडी नाय घालायची."

त्यांनी रबरं काढली आणि वायर हातावर सैल, गोल गुंडाळली. दोन मिनिटांत दिवा हिरवा झाला. मी हौसामावशींना मिठीच मारली, मासळीच्या वासासकट.

दहा वाजून पाच मिनिटांनी कॉल लागला. मंदारने फोन आधीच बाळाच्या कानाशी धरला होता. एवढासा कान आणि गालाचा तुकडा दिसला. इतक्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, की हे "आता गरम झाला असेल, जरा बंद करतो" म्हणत राऊटरकडे निघालेत.

नंतर मी 'मुक्ता' हे नाव तीनदा अगदी हळुवार सांगितलं. पण आत्याने कानात पहिलं जे सांगितलं तेच नाव धरायचं झालं, तर माझ्या लाडक्या भाचीचं नाव 'खबरदार त्या बटणाला हात लावाल तर' असं आहे.